विचारा रसायन : पृष्ठभागाला काय चिकटतं, किती आणि कधी?

या अंकासाठी निवडलेले पाच प्रश्न वरवर अगदी वेगळे आहेत. एक अकरावीच्या पुस्तकातला, एक टॉवेलच्या रंगाचा, एक चटणीच्या बरणीचा, एक पाण्याच्या फिल्टरचा आणि एक तणनाशकाचा. मला ते एकाच घरातले वाटले, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. अ‍ॅडसॉर्प्शनच्या, म्हणजे अधिशोषणाच्या, धड्यात परिणाम करणारे पाच घटक दिले आहेत : वायूचं स्वरूप, घन पदार्थाचं स्वरूप, पृष्ठफळ, तापमान आणि दाब. पाठ होतात, पण कळत नाहीत. शिवाय एका ठिकाणी तापमान वाढलं की अधिशोषण कमी होतं असं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते वाढतं असं. खरं काय?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

दोन्ही खरं आहे. आणि तुला ही शंका आली याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक मुलं दोन्ही वाक्यं पेपरात उतरवून मोकळी होतात.

ते पाच मुद्दे सुटे धरू नकोस. घन पदार्थाच्या पोटातल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, त्याची ओढ सगळीकडे वाटली जाते. पृष्ठभागावरच्या अणूला बाहेरच्या अंगाला शेजारीच नसतो. त्याची ही उरलेली ओढ जवळून जाणाऱ्या रेणूला धरते, यालाच अधिशोषण म्हणायचं. धरताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. एवढं डोक्यात ठेवलंस की तीनच गोष्टी विचारायच्या राहतात : ओढ किती आहे, ओढणाऱ्या जागा किती आहेत, आणि रेणूला सुटून जाण्याची किती घाई आहे.

वायूचं स्वरूप म्हणजे ओढ किती. जो वायू सहज द्रव होतो, त्याचे रेणू मुळातच एकमेकांना जास्त ओढतात आणि पृष्ठभागालाही तसेच जास्त चिकटतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतून चालत आलेले आकडे देते. १५ अंश सेल्सिअसला १ ग्रॅम कोळसा हायड्रोजन ४.७ मिलिलिटर धरतो, कार्बन डायऑक्साइड ४८, अमोनिया १८१ आणि सल्फर डायऑक्साइड ३८०. या वायूंची क्रांतिक तापमानं, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायू द्रव होत नाही ती तापमानं, त्याच क्रमाने साधारण ३३, ३०४, ४०५ आणि ४३० केल्व्हिन आहेत. वहीत दोन्ही रांगा शेजारी शेजारी लिहून बघ, मुद्दा पाठ करायची गरज उरणार नाही.

पृष्ठफळ मात्र अर्धवट शिकवलं जातं. बारीक पूड केली की पृष्ठफळ वाढतं, एवढ्यावर धडा पुढे सरकतो. आपण हिशेब करू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मायक्रोमीटर बाजूचे तुकडे केले, म्हणजे मैद्याहून कितीतरी बारीक, तर सगळ्यांचं मिळून ६ चौरस मीटर होतं. दहा हजार पट वाढ झाली खरी. पण चांगल्या सक्रिय कोळशाच्या, म्हणजे आतली छिद्रं मुद्दाम उघडलेल्या कोळशाच्या, एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर पृष्ठफळ असतं. म्हणजे जवळपास दहा गुंठे! एवढं दळून कधीच मिळणार नाही. ते कोळशाच्या आतल्या छिद्रांचं आहे. आपल्याकडचा टॉवेल आठव : तेवढंच सूत सपाट चादरीत विणलं तर हाताला जेवढा कपडा लागतो, त्याच्या कितीतरी पट टॉवेलच्या लूपमुळे लागतो. कोळशात हे लूप आतल्या बाजूला वळलेले आहेत आणि इतके अरुंद आहेत की काहींत जेमतेम एखादा रेणू शिरतो. म्हणून सक्रिय कोळसा आणखी कुटला तर तो जास्त धरत नाही. लवकर धरतो, कारण रेणूला आत पोचायचं अंतर कमी होतं. किती आणि किती लवकर, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. परीक्षेत यावर बहुपर्यायी प्रश्न आला तर चांगली चांगली मुलं चुकतात.

आत छिद्रं आहेत आणि ती एवढी आहेत हे मोजलं कसं, हेही सांगते, कारण ती युक्ती मला फार आवडते. ब्रुनाउअर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ मध्ये दिलेली रीत आजही वापरतात. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्व्हिनला, त्या पदार्थावर नायट्रोजन सोडायचा, आणि पृष्ठभागावर रेणूंचा एक पूर्ण थर बसायला किती लागला ते काढायचं. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असं धरलं की गुणाकार उरतो.

आता तुझं तापमान. नायट्रोजन आणि लोखंड घे. ८३ केल्व्हिनला नायट्रोजन लोखंडावर नुसता भौतिक ओढीने बसतो. ती ओढ अशक्त आहे, मोलमागे २० ते ४० किलोज्यूलच्या घरातली. तापमान वाढवलं की रेणू हलायला लागतात आणि सुटतात, खोलीच्या तापमानाला जवळजवळ काही उरत नाही. हे तुझं पहिलं वाक्य. पुढे तापवत गेलीस की ७७३ केल्व्हिनच्या आसपास तोच नायट्रोजन पुन्हा लोखंडावर बसलेला दिसतो, पण आता रासायनिक बंध करून. बंध करायचा तर आधी नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तुटायला हवा, आणि त्याला लागणारी ऊर्जा तापवल्याशिवाय मिळत नाही. म्हणून रासायनिक अधिशोषण तापमानाबरोबर आधी वाढतं. हे दुसरं वाक्य. फारच तापवलं तर तेही सुटतं, कारण उष्णता त्यातूनही बाहेरच पडलेली असते. अमोनियाच्या कारखान्यात लोखंडाचा उत्प्रेरक लागतो तो याच पायरीसाठी, आणि या पायऱ्या एकेक करून उलगडल्याबद्दल गेरहार्ड एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं. शेतात पडणारा युरिया या अमोनियापासूनच होतो.

दाबाचं थोडक्यात : दाब वाढला की अधिशोषण वाढतं, पण जागा भरत आल्या की वाढ मंदावते आणि थांबते. लँगम्यूर यांनी एकच थर बसतो असं धरून हे समीकरणात बांधलं. फ्रॉइंडलिखचं समीकरण मधल्या दाबांपुरतं चांगलं चालतं, जास्त दाबाला ते फसतं, कारण त्यात जागा भरल्याची नोंदच नाही.

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं युनिट आहे, सूत आम्हीच रंगवतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतो. मे महिन्यात गडद निळा आणि मरून हवा तसा चढत नाही, एकाच लडीवर कुठे गडद तर कुठे फिका येतो. मीठ वाढवून पाहिलं तर पट्टे जास्तच दिसायला लागले. रंग खराब की सूत?
— एक टॉवेल उत्पादक, सोलापूर

तुमच्या पत्राने मला थेट माझ्या वडिलांच्या डाईंगमध्ये नेलं. ते डाईंग मास्टर होते. रसायनशास्त्र त्यांनी शाळेत शिकलं नव्हतं, पण मिठाच्या बाबतीत त्यांचा हात कधी चुकला नाही. मीठ ते कधीच एकदम ओतायचे नाहीत. आधी बादलीत विरघळवायचं, मग थोडं टाकीत, लड्या फिरवायच्या, थांबायचं, टाकीतलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन उजेडाला धरायचं, मग पुन्हा थोडं. वाटीतलं पाणी फिकं होत गेलं म्हणजे रंग सुतावर गेला. तुमच्या डाईंगमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल, पण ती वाटीसुद्धा टाकीशेजारी ठेवा असं मी सांगेन.

हे मीठ करतं काय? पाण्यात भिजलेल्या सुताच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे सुताशी रासायनिक बंध करणाऱ्या, रंगाच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे तोही ऋण. दोघं एकमेकांना लोटतात. रंगाला सुताशी जवळ यायचंय, पण ही लोटालोटी आड येते. मिठातले सोडियम आयन सुताभोवती जमतात, तिथला ऋण प्रभार झाकतात आणि रंगाला जवळ येऊ देतात. गडद छटांना लिटरमागे ६० ते १०० ग्रॅम मीठ लागतं ते यासाठी, फिक्या छटांना त्यापेक्षा पुष्कळ कमी पुरतं.

पण प्रभार एकदा झाकला गेला की पुढचं मीठ सुतावर काम करत नाही, रंगावर करतं. रंगाचे रेणूही एकमेकांना लोटत होते म्हणूनच पाण्यात सुटे होते. मीठ फार झालं की ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. गोळे धाग्याच्या आत शिरत नाहीत, वरच बसतात, आणि जिथे बसले तिथे पट्टा. तुम्ही मीठ वाढवल्यावर पट्टे वाढले, त्याचं मला हेच कारण दिसतं. आणि ते एकदम टाकलं असेल तर आणखीच. ज्या लड्या मिठाच्या धारेजवळ होत्या त्यांनी रंग झपाट्याने ओढला, मागच्यांना उरलं नाही.

आता मे महिना. सोलापुरात तेव्हा पारा ४२-४३ पर्यंत जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात लावायला नको होतं. तुम्ही रंग कोणत्या गटातला वापरता ते लिहिलेलं नाही. थंड पाण्यात चढणारा असेल, ज्याला ३०-४० अंश पुरतात, तर रंगाला सुरुवातच जास्त तापमानाला मिळते. तापमान वाढलं की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. रंग सुतावर पटकन झेपावतो, त्यामुळे तो एकसारखा पसरायच्या आधीच बसतो. आणि समतोल साधल्यावर सुतावर राहणारा वाटा कमी होतो, कारण अधिशोषणातून उष्णता बाहेर पडते आणि जास्त तापमान अशा क्रियेला उलटं ढकलतं. वर, हे रंग इतके चपळ असतात की गरम पाण्यात, बंध घडवण्यासाठी टाकतात तो सोडा पडला की सुताशी बंध करायच्या ऐवजी पाण्याशीच करून बसतात. तो रंग कायमचा वाया. गरम गटातला रंग असेल, जो मुळात ८० अंशाच्या आसपासच चढवायचा असतो, तर टाकीतलं गरम पाणी तुमचा गुन्हेगार नाही, पुढचा मुद्दा आधी तपासा.

तो मुद्दा म्हणजे पाणी. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोल जातं. मे महिन्यातला नमुना आणि पावसाळ्यानंतरचा नमुना, दोन्हींचा कठीणपणा तपासून घ्या. कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम रंगाला धरून त्याचा साका करतात, आणि सोडा पडल्यावर त्यांचं कार्बोनेट धाग्यावर पांढरट बसतं. जिथे ते बसलं तिथे रंगाला पृष्ठभागच मिळत नाही. पाणी मऊ करणारा प्लांट नसेल तर निदान सिक्वेस्ट्रंट, म्हणजे कॅल्शिअम-मॅग्नेशिअमला बांधून ठेवणारं रसायन, टाका, तेही रंगाच्या आधी.

सूतही निर्दोष समजू नका. स्कावरिंग, म्हणजे रंगवण्याआधी सूत उकळून धुणं, कमी पडलं तर कापसाचं मूळचं मेण धाग्यावर राहतं, पाणीच आत जात नाही, मग रंग कसा जाणार? वडील शेवटच्या धुण्यानंतर लडीचा तुकडा बादलीत टाकून बघायचे. तुकडा लगेच बुडाला तर पुढे जायचं, तरंगत राहिला तर पुन्हा उकळायला. दोन लॉटचं सूत एकाच टाकीत मिसळत असाल तर तेही थांबवा. मर्सराइज केलेलं आणि न केलेलं सूत एकाच टाकीत कधीच सारखं रंगत नाही. मर्सराइज करताना कॉस्टिक सोड्याने फुगलेल्या धाग्यात रंगाला जागा जास्त मिळते. हे जॉन मर्सर यांनी १८५० साली पेटंट घेतलं तेव्हापासून माहीत आहे.

मिठाच्या आधी पाणी किती घेता त्याकडे बघा हेही सांगायचं राहतं. तेवढ्याच सुताला पाणी कमी घेतलंत तर रंगाचा जास्त वाटा सुतावर जातो आणि कमी मिठात काम भागतं. टाकीतल्या पाण्याचं प्रमाण दर लॉटला तेच ठेवा, अंदाजाने भरू नका. सुरुवात अशी करा : पाणी ३० अंशाच्या जवळ आणा, पहाटे भरून सावलीत ठेवलं तरी पुष्कळ फरक पडतो. मग सिक्वेस्ट्रंट, मग रंग, लड्या फिरवून एकसारखा पसरू द्या, मग मीठ तीन-चार हप्त्यांत, आणि सगळ्यात शेवटी सोडा. हे थंड गटासाठी. गरम गटाला रंगाच्या पुरवठादाराने दिलेलं तापमान पाळा.

शेवटच्या धुलाईबद्दल कळकळीने सांगते, कारण गिऱ्हाइकाची पहिली तक्रार तिथूनच येते. पाण्याशी बंध करून बसलेला रंग सुतावर नुसता चिकटलेला असतो, बांधलेला नसतो. तो काढायचा तर चढवताना जे केलं त्याच्या उलट करायचं. आधी साध्या पाण्याने खळखळून मीठ काढा, म्हणजे लोटालोटी परत सुरू होईल. मग उकळत्या साबणाच्या पाण्यात टाका. मीठ अंगात असताना थेट उकळत्या साबणात टाकलंत तर तो रंग सुताला धरूनच राहतो आणि नंतर घरोघरच्या बादलीत उतरतो.

रेशीम किंवा लोकर रंगवायची वेळ आलीच तर हा सगळा हिशेब बदलतो. आम्ल टाकलं की त्या धाग्यांवर धन प्रभार येतो आणि तो आम्लरंगाला स्वतःच ओढतो. तिथे मीठ रंगाला मदत करत नाही, त्याची चढण धीमी करतं.

प्रश्न : शेंगा चटणीच्या बरणीत मी औषधाच्या बाटलीतल्या त्या छोट्या पुड्या टाकते, दमट होऊ नये म्हणून. पावसाळ्यात त्यांचा उपयोग होत नाही असं वाटतं. तापवून पुन्हा वापरता येतील का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

ताई, पुड्या काढून टाका. त्या औषधासाठी बनवलेल्या आहेत, तेलकट खाद्यपदार्थात ठेवायला नाहीत. निळे दाणे असतील तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असू शकतं, ते अन्नाजवळही नको.

तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. पुडीतला सिलिका जेल किती पाणी धरणार हे हवेतल्या बाष्पाच्या दाबावर ठरतं. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत तो फारसा भरतच नाही, जुलैत बरणी चार वेळा उघडली की भरून जातो. उघडे दाणे १२० अंशाच्या आसपास दोनेक तास तापवले की पाणी सोडतात आणि पुन्हा तयार होतात, पण ते कॅमेऱ्याच्या पेटीसाठी ठेवा. चटणीला घट्ट झाकण आणि कोरडा चमचा पुरतो.

प्रश्न : आम्ही पाणी साठवून वापरतो. फिल्टरची कार्बनची कांडी महाग पडते. बाभळीचा कोळसा बारीक करून तिच्या जागी भरला तर चालेल का? आणि जुनी कांडी उन्हात वाळवून परत वापरता येते का?
— एक निवृत्त शिक्षक, साखर पेठ

सर, दोन्हींचं उत्तर नाही असंच द्यावं लागतंय, पण कारण सांगितल्याशिवाय तुम्हाला ते पटणार नाही हे मला माहीत आहे.

बाभळीच्या कोळशात छिद्रं असतात, पण बरीचशी डांबरासारख्या पदार्थांनी बुजलेली असतात. सक्रिय कोळसा करताना ती उघडतात, म्हणजे ८०० ते ९०० अंशाला वाफ सोडून कोळशाचा काही भाग अक्षरशः जाळून बाहेर काढतात, किंवा फॉस्फोरिक आम्लासारखं रसायन वापरतात. नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा पाण्यासाठी पसंत करतात, कारण त्याची छिद्रं अगदी बारीक असतात आणि तो टणक असल्यामुळे भुगा होत नाही. घरी कुटलेल्या कोळशातून राख, क्षार आणि काळं पाणी येईल. कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे लोविट्झ यांनी १७८५ मध्ये दाखवलं तेव्हा साधाच कोळसा होता, हे खरं. पण ते द्रावण कोणी पीत नव्हतं.

दुसरं, उन्हाने वाळवलं की कांडीतलं पाणी जातं, पृष्ठभागाला धरून बसलेले पदार्थ जात नाहीत. ते सोडवायला कारखान्यात पुन्हा शेकडो अंशांची भट्टी लागते. उलट ओली कांडी कोमट राहिली की आत जिवाणू वाढतात. तेव्हा मुदत संपली की बदलणंच बरं.

तुमच्या पत्रात एक न विचारलेला प्रश्न मला दिसला, तो म्हणजे ही कांडी काढते तरी काय. पाण्यात जे नाखुशीने विरघळलेलं असतं, वास, रंग, सेंद्रिय पदार्थ, कीटकनाशकांचे अंश, ते कोळशाकडे चटकन जातं. क्लोरीन कोळशाच्या पृष्ठभागावर येऊन क्लोराइड होतो, म्हणून त्याचा वास जातो. पण मीठ, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड हे आयन पाण्यातच खूश असतात. पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती घट्ट बसलेले असतात, कोळशाची ओढ त्यांना पुरत नाही. बोअरचं पाणी या कांडीतून गेल्यावर गोड लागलं तरी ते मऊ झालेलं नसतं. आणि क्लोरीन निघून गेलेलं पाणी साठवून ठेवू नका, त्याचं जंतूंपासून रक्षण करणारं आता काही उरलेलं नसतं. आधी साठवा, प्यायच्या वेळेला गाळा.

प्रश्न : विहीर आटली म्हणून ओढ्याचं गढूळ पाणी घेऊन पॅराक्वाट फवारलं. तण जळलंच नाही. दुकानदार म्हणतो औषध अस्सल आहे, शेजारी म्हणतो पाण्यातल्या मातीने घात केला. मातीने औषध मरतं का? आणि पेरणीनंतरच्या तणनाशकाचा डोस काळ्या रानाला वेगळा आणि माळाला वेगळा का सांगतात?
— एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

शेजाऱ्यांचं बरोबर आहे, आणि दुकानदाराचंही बरोबर असू शकतं.

आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक असतात आणि पाणी मिळालं की फुगून दूर होतात. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा याच फुगण्या-आक्रसण्याच्या. थरांमधली जागा धरली तर एका ग्रॅमचं पृष्ठफळ ७५० चौरस मीटरच्या आसपास जातं, म्हणजे चिमूटभर मातीत सात गुंठे. केओलिनाइट या दुसऱ्या चिकणमातीचं जेमतेम १० ते २० चौरस मीटर असतं. शिवाय काळ्या मातीच्या थरांवर कायमचा ऋण प्रभार असतो.

पॅराक्वाट पाण्यात दोन धन प्रभार घेऊन फिरतं आणि त्याचा रेणू सपाट आहे. थरांच्या मध्ये तो नीट बसतो आणि सुटत नाही. गढूळ पाण्यात औषध पंपात ओतल्यावर, पानावर पडायच्या आधीच, ते मातीच्या कणांवर गेलं. पानावर जे पडलं ती औषध लागलेली माती. तुमचं औषध पंपातच संपलं होतं.

हे तुम्ही स्वतः बघू शकता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मुलांना हा प्रयोग नेहमी करायला लावायचे. दोन परीक्षानळ्यांत पाणी आणि चमचाभर काळी माती. एकीत मिथिलिन ब्लूचे थेंब, दुसरीत इओसिनचे. मिथिलिन ब्लू धन प्रभाराचा, इओसिन ऋण. दोन्ही हलवून स्टँडवर ठेवायच्या. माती खाली बसली की पहिल्या नळीत वरचं पाणी स्वच्छ, निळा सगळा मातीत गेलेला. दुसरीत पाणी तसंच गुलाबी. तीच माती, तेवढंच पाणी. मुलं नळीला नाक लावून बघायची. जवळच्या शाळेत मिथिलिन ब्लू असतं, गुरुजींना सांगा, ते करून दाखवतील.

याच कारणाने नत्रातला अमोनियम आपल्या काळ्या रानात टिकतो आणि नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघून जातं. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या असं सांगतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पेरणीनंतरचं तणनाशक, अ‍ॅट्राझिन किंवा पेंडिमेथॅलिन घ्या, हे पॅराक्वाटसारखं कायमचं अडकत नाही, पण चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ त्याचा काही वाटा धरून ठेवतात. तणाच्या कोवळ्या मुळाला मातीतल्या पाण्यात मोकळं असेल तेवढंच मिळतं. भारी रानात धरलं जास्त जातं, म्हणून तिथे लेबलवरच्या मर्यादेतला जास्तीचा डोस सांगतात. मुरमाड माळावर धरायला फारसं काही नसतं, थोडा डोसही पूर्ण मोकळा राहतो. तिथे काळ्या रानाचा डोस टाकलात तर औषध पावसाबरोबर मुळांपर्यंत उतरू शकेल आणि पिकालाच बाधू शकेल. शेणखत भरपूर घातलेल्या तुकड्यात तण जास्त उगवलं तर औषधाला दोष देऊ नका, खताने औषध धरलेलं असतं. पण म्हणून लेबलच्या वर मात्र जाऊ नका.

फवारणीला स्वच्छ पाणी नसेल तर गढूळ पाणी पिंपात रात्रभर निवळू द्या, तुरटी फिरवा, आणि वरचं नितळ पाणी हलक्या हाताने काढून घ्या. फडक्याने गाळून उपयोग नाही, ही माती फडक्यातून सहज जाते.

आणि दादा, पॅराक्वाट हातात घेताय तर हेही ऐका. याचा एखादा घोटसुद्धा जिवावर बेततो आणि याला उतारा नाही. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीच काढून ठेवू नका. कोणाच्या पोटात गेलंच तर दवाखान्यात डॉक्टर सक्रिय कोळसा किंवा फुलर्स अर्थ ही माती देतात, पंपात जे घडलं तेच पोटात घडावं म्हणून. पण ते औषध रक्तात जायच्या आत द्यावं लागतं, म्हणून घरी माती किंवा कोळसा कालवत बसू नका. औषधाचा डबा बरोबर घ्या आणि मिळेल त्या गाडीने थेट मोठ्या दवाखान्यात न्या.